चार टक्के, पण कशाचे? : बाळाच्या फुफ्फुसातली सिस्ट आणि आपली पेपर वाचायची सवय

पीएच.डी.च्या प्रवेशपरीक्षेची, मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण विचारतात, की 'क्रिटिकल रीडिंग' म्हणजे नक्की काय करायचं? पेपरमधल्या चुका काढायच्या का? माझं उत्तर असतं, पेपरमध्ये टक्केवारी दिसली की आधी विचारा, ही टक्केवारी कोणाची? अंश सगळेच वाचतात, छेद फार थोडे लोक वाचतात. आज हीच गोष्ट एका दुर्मीळ आजारावरच्या पाच-सहा पेपरच्या निमित्ताने करून बघू.

मी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे कोणाच्या बाळाचं काय करावं हे इथे सांगणार नाही. संशोधक मंडळी या आजाराबद्दल जे दावे करतात ते पुराव्याला किती धरून आहेत, एवढंच बघायचं आहे.

आधी प्रश्न काय आहे ते समजून घेऊ

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत कधीकधी गर्भाच्या फुफ्फुसात पोकळ्या दिसतात. त्यातल्या एका मोठ्या गटाला 'कंजेनायटल पल्मनरी एअरवे मालफॉर्मेशन' म्हणतात, थोडक्यात सीपॅम. जुन्या पेपरमध्ये हेच 'सीसीएएम' या नावाने सापडेल. चिन आणि टँग यांनी १९४९ मध्ये त्याचं वर्णन केलं. स्टॉकर यांनी १९७७ मध्ये तीन प्रकार पाडले आणि पुढे ते पाच झाले, ० ते ४. साहित्य शोधताना दोन्ही नावं टाकून शोधा, नाहीतर निम्मा इतिहास हाती लागणार नाही.

बाळाला जन्मतः श्वासाचा त्रास असेल तर वाद नाही, शस्त्रक्रिया करावी लागते. पण अशी कितीतरी बाळं छान रडतात, दूध पितात, वजन वाढवतात. सिस्ट फक्त सीटी स्कॅनमध्ये दिसते. खरा वाद या बाळांचा आहे. काही महिन्यांच्या, दिसायला धडधाकट मुलाच्या फुफ्फुसाचा तुकडा काढायचा, की लक्ष ठेवून थांबायचं?

काढण्याच्या बाजूने जंतुसंसर्गाची भीती सांगतात. पण आईबापांच्या छातीत धस्स होतं ते दुसऱ्या कारणाने. प्ल्युरोपल्मनरी ब्लास्टोमा, म्हणजे पीपीबी. लहान मुलांच्या फुफ्फुसाचा हा अतिशय दुर्मीळ कॅन्सर. मॅनिवेल आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ११ मुलांच्या आधारे त्याला हे नाव दिलं. त्याचे मुख्य प्रकार तीन: पहिला नुसती सिस्ट, दुसरा सिस्ट आणि घट्ट गाठ मिळून, तिसरा पूर्ण घट्ट गाठ. अडचण पहिल्या प्रकाराची आहे. सीटीवर तो हुबेहूब साध्या जन्मजात सिस्टसारखा दिसू शकतो.

मेसिंजर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय पीपीबी रजिस्ट्रीतल्या ३५० रुग्णांचा आढावा छापला. पाच वर्षं जगण्याचं प्रमाण पहिल्या प्रकारात ९१ टक्के, दुसऱ्यात ७१ आणि तिसऱ्यात ५३. पहिल्या प्रकारात जे मृत्यू झाले ते सगळे आजार दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात गेल्यामुळे झाले. म्हणजे सिस्टच्या अवस्थेत आजार ओळखणं हा जीवनमरणाचा मामला आहे. थांबण्याच्या बाजूने बोलणाऱ्या कोणालाही हे आकडे बाजूला सारता येणार नाहीत.

'रूपांतर' हा शब्द जरा जपून

या विषयावरच्या पेपरच्या प्रस्तावनेत एक ठरावीक वाक्य भेटतं: जन्मजात सिस्टचं कॅन्सरमध्ये रूपांतर होऊ शकतं, म्हणून ती काढावी. पुढचा लेखक त्याला संदर्भ देतो, त्याच्या पुढचा त्याला. वाक्य पिढ्यान्पिढ्या चालतं.

यात दोन वेगळे दावे मिसळलेत. पहिला: साधी सिस्ट पुढे बिघडून कॅन्सर होते. दुसरा: काही सिस्ट पहिल्यापासूनच पीपीबी असतात, आपण त्यांना साधी समजतो. पहिला दावा शरीरात काय घडतं याबद्दल आहे. दुसरा आपल्या निदानाच्या मर्यादेबद्दल आहे. एखाद्या मुलाला आधी 'सीसीएएम' सांगितलं आणि तीन वर्षांनी तिथेच गाठ आली, तर नुसत्या कागदपत्रांवरून या दोन्हींत फरक करता येत नाही.

हिल आणि डेनर यांनी २००४ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. स्टॉकरचा चौथा प्रकार आणि पीपीबीचा पहिला प्रकार यांची सरहद्द धूसर आहे, पॅथॉलॉजिस्टने सावध राहावं, असा त्यांचा सूर होता. मग २००९ मध्ये हिल यांच्याच गटाने 'सायन्स'मध्ये दाखवलं, की पीपीबी असलेल्या कुटुंबांमध्ये डायसर१ या जनुकात जन्मजात बदल असतात. हे जनुक मायक्रोआरएनए तयार करण्याच्या कामातलं. या शोधाने वादाचं वजन दुसऱ्या दाव्याकडे झुकवलं. बहुतेक पीपीबीची वाट सुरुवातीपासूनच वेगळी असते.

मात्र लगेच 'साधी सिस्ट कधीच बिघडत नाही' असंही लिहू नका. स्टॉकरच्या पहिल्या प्रकारात केआरएएस जनुकातले बदल आणि म्युसिनस पेशींचे पुंजके सापडतात, आणि त्यातून पुढे ॲडेनोकार्सिनोमा झाल्याच्या नोंदी आहेत. ती पीपीबीपेक्षा वेगळी गोष्ट आहे. तिची भीती पीपीबीच्या आकड्यांनी दाखवणं हा गोंधळ मला आढावा-लेखांमध्येही दिसला आहे.

दोन आकडे, दोन बाजू

आता शीर्षकातल्या चार टक्क्यांकडे येऊ. नास्र आणि सहकाऱ्यांचा २०१० चा पेपर. शीर्षकच प्रश्नार्थक आहे: सीसीएएम ही पीपीबीची पूर्वावस्था आहे का? सीसीएएम समजल्या गेलेल्या १२९ मुलांपैकी ५ मुलांना प्रत्यक्षात पीपीबी निघाला. म्हणजे साधारण ४ टक्के. 'काढून टाका' म्हणणाऱ्यांचा हा आवडता आकडा.

दुसरा पेपर स्टँटन आणि सहकाऱ्यांचा, २००९ चा, अनेक अभ्यास एकत्र करून केलेला. शस्त्रक्रियेशिवाय नवजात अवस्था पार केलेल्या ५०५ बाळांपैकी पुढे १६ जणांनाच लक्षणं दिसली. म्हणजे ३.२ टक्के. 'थांबा' म्हणणाऱ्यांचा हा आवडता आकडा.

चार आणि तीन. शेजारीशेजारी ठेवले तर एकाच गोष्टीची दोन मापं वाटतात. तसं अजिबात नाही.

पहिल्या आकड्याचा छेद म्हणजे एका मोठ्या बालरुग्णालयात पोचलेली मुलं. अशा ठिकाणी गुंतागुंतीच्या केसेस आपोआप जमतात. ज्या बाळाची सिस्ट गावातल्या डॉक्टरने 'बघू' म्हणून सोडून दिली आणि ज्याला पुढे काही झालं नाही, ते बाळ या १२९ मध्ये नसतं. छेद लहान राहतो आणि टक्का फुगतो.

दुसऱ्या आकड्यात कॅन्सर मोजलेलाच नाही, लक्षणं मोजली आहेत. शिवाय ज्या अभ्यासांतून ५०५ बाळं आली, त्यांत पाठपुरावा किती वर्षांचा होता हे बघा. दोन वर्षं बघून थांबलात तर सहाव्या वर्षी आलेला न्यूमोनिया तुमच्या तक्त्यात येणार कुठून? इथे टक्का आकसतो.

स्टँटन यांच्या पेपरातला आणखी एक निष्कर्ष खूप उद्धृत होतो: लक्षणं यायच्या आधी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत गुंतागुंत कमी, तातडीने कराव्या लागलेल्या शस्त्रक्रियेत जास्त. बरोबर आहे. पण यावरून 'म्हणून सगळ्यांची आधीच करा' हे सिद्ध होत नाही. तुलना दोन शस्त्रक्रियांची झाली, आपल्याला हवी आहे दोन धोरणांची. पहिल्या धोरणात शंभरातल्या शंभर बाळांना भूल आणि चिरा. दुसऱ्यात शंभरातल्या थोड्यांना, जरा जास्त धोक्याची शस्त्रक्रिया, आणि उरलेल्यांना वर्षानुवर्षं फेऱ्या, स्कॅनचे किरण आणि आईबापांची झोपमोड. हा सगळा हिशोब मांडल्याशिवाय कोणतं धोरण बरं हे सांगता येत नाही. मुलाखतीत 'या पेपरची मर्यादा काय' असं विचारलं तर 'सॅम्पल साईज लहान आहे' हे पाठ केलेलं उत्तर न देता असं काहीतरी सांगा.

यावर युरोपातल्या केंद्रांनी हाती घेतलेली 'कनेक्ट' नावाची चाचणी महत्त्वाची आहे. लक्षणं नसलेल्या मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटायचं, एकात शस्त्रक्रिया, दुसऱ्यात देखरेख, आणि पाचव्या वर्षी मुलांची व्यायामाची क्षमता मोजायची. फुफ्फुसाचं काम कसं चालतं याचं उत्तर तिच्यातून मिळेल. कॅन्सरचं मिळणार नाही, कारण इतक्या दुर्मीळ घटनेसाठी अशा चाचणीतली मुलं पुरणारच नाहीत. चाचणी यादृच्छिक आहे म्हणून ती प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देते असं नसतं.

११२ विरुद्ध १०३

फाइनबर्ग आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा पेपर मला या सगळ्यात सर्वांत उपयोगी वाटतो आणि सर्वांत जपून वाचावासाही वाटतो. शस्त्रक्रियेआधीच सीपॅम आणि पहिल्या प्रकारचा पीपीबी वेगळे ओळखता येतील का, हा त्यांचा प्रश्न. ११२ पीपीबी आणि १०३ सीपॅम घेऊन त्यांनी लक्षणांची तुलना केली. गर्भात असतानाच सिस्ट दिसणं, तिला शरीराच्या मुख्य रक्ताभिसरणातून वेगळी रक्तवाहिनी असणं, बाळाला त्रास नसणं, या गोष्टी सीपॅमकडे झुकतात. दोन्ही फुफ्फुसांत किंवा अनेक भागांत सिस्ट असणं, बाळाला त्रास असणं, डायसर१ मधला बदल, या पीपीबीकडे.

प्रश्न नेमका आहे, आणि 'सगळ्यांची काढा' आणि 'सगळ्यांची ठेवा' यांच्यामधली वाट त्यातून दिसते. पण दोन गट आले कुठून? पीपीबीची मुलं रजिस्ट्रीतून, जगभरातून जमवलेली. सीपॅमची मुलं रुग्णालयाच्या नोंदींतून. त्यामुळे अभ्यासात दोन्ही आजार जवळपास अर्धे-अर्धे झाले. वास्तवात तसं कुठेच नसतं.

याने काय फरक पडतो ते समजण्यासाठी पुढचे आकडे मी मनाने धरतेय. समजा एक खूण पीपीबीच्या ८० टक्के मुलांत आणि सीपॅमच्या १० टक्के मुलांत दिसते. अभ्यासातल्या ११२ पैकी साधारण ९० आणि १०३ पैकी साधारण १० मुलांत ती दिसेल. म्हणजे खूण दिसली की ९० टक्के पीपीबी! आता हीच खूण घेऊन सोनोग्राफीत सिस्ट दिसलेल्या हजार बाळांकडे जा आणि समजा त्यातली १० पीपीबीची आहेत. खूण दिसेल पीपीबीच्या ८ आणि सीपॅमच्या ९९ बाळांत. म्हणजे १०७ पैकी ८, साडेसात टक्क्यांच्या आसपास. खूण तीच, तिची ताकद तीच, पण आईबापांना सांगायचं वाक्य पूर्ण बदललं. बेजचं प्रमेय नेटच्या परीक्षेपुरतं पाठ केलं असेल तर ते इथे पुन्हा काढा.

दुसरी शंका काळाची. रजिस्ट्री १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून मुलं जमवते आहे. तेव्हाची सोनोग्राफी आणि आजची सोनोग्राफी यांत जमीन-अस्मानाचं अंतर. 'गर्भात दिसली नव्हती' याचा अर्थ 'गर्भात नव्हती' की 'यंत्राला दिसली नाही'? ज्या अभ्यासात दोन गट वेगळ्या ठिकाणांहून येतात तिथे हा प्रश्न विचारायलाच हवा.

डायसर१: रक्ताची तपासणी करून मोकळं होता येईल का?

मेसिंजर यांच्या आढाव्यात तपासलेल्या ९७ रुग्णांपैकी ६६ टक्क्यांत डायसर१ मधला जन्मजात बदल सापडला. उलट वाचा: सुमारे एक तृतीयांश मुलांत सापडला नाही. म्हणून रक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर शंका कमी होते, मिटत नाही. आणि पॉझिटिव्ह आला तर? तर बाळासोबत आई, बाप, भावंडं सगळ्यांचा प्रश्न उभा राहतो, कारण या बदलासोबत थायरॉइड, मूत्रपिंड, अंडाशय अशा ठिकाणच्या गाठींचाही धोका असतो. शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार असा बदल असलेल्या बाळाचा पहिला छातीचा सीटी ३ ते ६ महिन्यांच्या वयात करावा आणि तो ठीक असेल तर दुसरा अडीच ते तीन वर्षांच्या दरम्यान.

हा धोका किती मोठा, यावर स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा पेपर मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला देईन. ज्या रुग्णामुळे एखादं कुटुंब अभ्यासात आलं, त्या पहिल्या रुग्णाला त्यांनी हिशोबातून वगळलं. कारण तो आजारी होता म्हणूनच तर कुटुंब सापडलं! त्याला धरलं तर जनुक प्रत्यक्षापेक्षा भयंकर दिसतं. त्याला वगळल्यावर उरलेल्या वाहकांत वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत गाठ झालेल्यांचं प्रमाण ५.३ टक्के आणि पन्नाशीपर्यंत १९.३ टक्के निघालं. या एका पद्धतशीर निर्णयामुळे कितीतरी घरांतली भीती खऱ्या मापाची झाली. सीपॅमच्या पेपरमध्ये मला हीच शिस्त हवी होती.

आपल्याकडचा छेद

भारतातून या विषयावर आलेलं लेखन बहुतांशी केस रिपोर्ट किंवा छोट्या मालिकांच्या स्वरूपाचं आहे. सिस्टला न्यूमोथोरॅक्स किंवा न्यूमोनियानंतरची पोकळी समजून छातीत नळी घातली आणि नंतर निदान बदललं, अशा कहाण्या त्यात भेटतात. डॉक्टरांना सावध करायला त्या मोलाच्या आहेत. पण केस रिपोर्टला छेदच नसतो. त्यातून 'किती' हे कधीच कळत नाही.

मग छेद कुठून आणायचा? मुंबईची कॅन्सर रजिस्ट्री १९६३ पासूनची, देशातली पहिली लोकसंख्याधारित रजिस्ट्री. पण ती बृहन्मुंबईच्या रहिवाशांची. वाशी, खारघर किंवा पनवेलचं मूल परळला जाऊन उपचार घेत असेल तर ते तिथल्या रहिवाशांच्या प्रमाणात धरलं जात नाही, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच आहे. शिवाय कॅन्सर रजिस्ट्री कॅन्सर मोजते. 'सीसीएएम' असा रिपोर्ट आलेली सिस्ट तिच्यात शिरतच नाही.

जन्मजात दोषांच्या बाजूने बघावं तर २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मतः दिसणारे नऊ दोष आहेत: दुभंगलेले ओठ-टाळू, वाकडे पाऊल, जन्मजात हृदयविकार वगैरे. फुफ्फुसातली सिस्ट त्यात नाही. गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीला एफ फॉर्म भरला जातो, पण तो गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी, आजार मोजण्यासाठी नव्हे.

थोडक्यात, सिस्ट म्हणून शस्त्रक्रिया झालेलं मूल बालशस्त्रक्रिया विभागाच्या वहीत, कॅन्सर ठरलेलं मूल कॅन्सर रुग्णालयाच्या वहीत, आणि काहीच न झालेलं मूल कुठल्याच वहीत नाही. परळमध्ये वाडिया, केईएम आणि टाटा मेमोरियल पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. अंश आणि छेद मात्र असे वेगवेगळ्या इमारतींत पडून राहतात. अशा वेळी परदेशातले ४ टक्के उचलून आपल्या बाळांना लावणं मला धोक्याचं वाटतं, आणि ३.२ टक्के लावणंही तितकंच.

मग करण्यासारखं काय आहे?

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांसाठी एक खराखुरा प्रश्न इथे आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतीचे मेणाचे ब्लॉक पॅथॉलॉजी विभागांत साठवलेले असतात. गेल्या काही वर्षांत 'सीसीएएम' म्हणून नोंदलेले ब्लॉक घ्यायचे. पॅथॉलॉजिस्टने जुना रिपोर्ट न बघता स्लाइड पुन्हा वाचायच्या: अस्तराखाली अपक्व पेशींचा थर आहे का, स्नायूपेशींसारख्या पेशी आहेत का, कूर्चेचे पुंजके आहेत का. सोबत डायसर१ चा आरनेज-३बी हा भाग वाचायचा, कारण ट्यूमरमधले बदल तिथल्या ठरावीक जागांवर एकवटतात. किती निदानं बदलतात ते मोजायचं. खर्च आटोक्यातला, उत्तर कोणतंही आलं तरी उपयोगाचं. आणि हाही छेद शस्त्रक्रिया झालेल्यांचाच आहे, हे मर्यादांमध्ये पहिल्याच वाक्यात लिहायचं.

पण प्रस्ताव नीतिसमितीपुढे नेण्याआधी एका गोष्टीचा विचार करा. उरलेल्या ऊतीवर काम करताना आपण सहसा नावं पुसून टाकतो, म्हणजे संमतीचा प्रश्न सोपा होतो. इथे मात्र सहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या ब्लॉकमध्ये पीपीबी सापडला तर? ते मूल कुठेतरी शाळेत जात असेल. त्याला धाकटी बहीण असेल आणि तिचा सीटी अजून वेळेत होऊ शकेल. नाव पुसलं असेल तर तिच्यापर्यंत पोचायला रस्ता उरत नाही. नाव ठेवलं तर ज्या आईबापांना 'सगळं ठीक आहे' सांगून घरी पाठवलं होतं, त्यांना पुन्हा फोन करायची जबाबदारी येते, आणि तो फोन कोण करणार हे आधी ठरलेलं असावं लागतं.

माझ्या मते अशा अभ्यासात ओळख पूर्ण पुसू नये. सांकेतिक क्रमांक ठेवावा, किल्ली उपचार करणाऱ्या विभागाकडे असावी, आणि निष्कर्ष कळवायचा मार्ग प्रस्तावातच लिहावा. काम वाढेल, समिती दोन प्रश्न जास्त विचारेल. विचारू दे. तुमच्या तक्त्यातली प्रत्येक ओळ कोणाचं तरी मूल आहे, एवढं धरून प्रस्ताव लिहिलात तर त्या दोन प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे तयार असतील.